बाईंचं मटण

त्या वर्षांत जालन्याच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवत होते, आणि तास संपले की मटण घोटत होते. बकऱ्याच्या मांसातलं एक प्रथिन हा माझा संशोधनाचा विषय. मांस खलात घोटायचं, गाळायचं आणि त्या अर्कात प्रथिन किती काम करतं ते मोजायचं. भानगड अशी की पेशी फुटली की तिच्यातलेच पाचक रस सुटतात आणि प्रथिनाचे तुकडे पाडतात. म्हणून सगळं बर्फात करायचं. बर्फ कारखान्यातून यायचा, भुशात गुंडाळलेला. बोटं बधिर व्हायची, त्याचं काही नव्हतं. पण सकाळी मोजलेला आकडा दुपारपर्यंत निम्मा व्हायचा.

औरंगाबादचे माझे मार्गदर्शक म्हणाले, "दिवाळीपर्यंत अर्क टिकला नाही, तर विषय सोडा." दोन वर्षं घातली होती मी त्यात! रडू नाही आलं, राग आला. बर्फ दुप्पट केला, खल, गाळणी, नळ्या आधीच गार करून ठेवल्या. दुपारी ये रे माझ्या मागल्या.

मांस आणायचे आमचे शिपाईमामा. धुऊन, तुकडे करून ते माझ्यापुढे ठेवत. एकदा ते लग्नाला मंठ्याला गेले, तेव्हा मीच खाटकाकडे गेले. पिकल्या दाढीचे चाचा. कॉलेजातून आले म्हटल्यावर खूश झाले. मांडीचा तुकडा कापला, मागून एक हिरवं पान ओढलं, चुरगाळून तुकड्यावर चोळलं आणि दुसऱ्या पानात बांधायला लागले.

"चाचा, हे काय?"

"पपईचा पाला, बाई. मामा म्हनले, बाई रोज मटण घोटत बसत्यात. मंग मी समजलो, मटण जून लागून राह्यलंय. हा इलाज बिलकुल बराबर. दोन साल झाले, तुमचं मटण असंच देऊन राह्यलो."

पपईचा चीक! प्रथिनं तोडण्यात त्याचा हात धरणारं कोणी नाही, म्हणून तर तो जून मटणाला लावतात. आणि मी बर्फावर बर्फ ओतत होते. दुकानाच्या फळीला धरून मी हसत सुटले. चाचांचं तोंड उतरलं.

"माझ्यानं काम बिघडलं का, बाई?"

"नाही चाचा. आज दुसरा तुकडा कापा, नुसता कागदात द्या."

त्या दिवशी दुपारचा आकडा सकाळच्या आकड्यापासून हलला नाही. तीनदा मोजला. रिकाम्या प्रयोगशाळेत मी मोठ्यानं "टिकलं!" म्हणून ओरडले. इतका आनंद मला पुढे पदवी घेतानाही झाला नाही.

आकडे बघून सरांनी विषय राहू दिला. पुढे प्रबंधात, घ्यायच्या काळजीखाली, मी लिहिलं : मांस पपईच्या पानात बांधून आणू नये. सरांनी लाल पेन्सिल उचलली.

"अहो, असं कोण करतं?"

"आमच्या जालन्यात करतात, सर. बाईंचे हात दुखू नयेत म्हणून."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. मग हसले आणि पान उलटलं.