चावीच्या भोकातली वीट

डेन्झिल प्रॉबर्टने टेनफर्डच्या पाणीखात्यात चाळीस वर्षं मीटर वाचले आणि निवृत्त झाल्यावर दर शनिवारी अकरा वाजता पाहुण्यांना गाव दाखवायचं काम अंगावर घेतलं. पगार नाही, कोटाला लावायचा हिरवा बिल्ला तेवढा. आंघोळ सोडून सगळीकडे तो बिल्ला लावून जातो, असं त्याची बायको मॉरीन सांगायची. आंघोळीबद्दलही तिला फारशी खात्री नव्हती.

अडचण एवढीच, की मीटर वाचणाऱ्याला थाप मारता येत नाही. आसपासच्या गावांतले वाटाडे भुतं दाखवत. डेन्झिल जुन्या गटाराची खोली सांगे, इंचांत. पाहुणे आटत गेले. शेवटी वारसा समितीच्या अध्यक्ष मिसेस हॉर्सफॉल यांनी कळवलं: ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी साडेअकरापर्यंत बाहेरगावचे दहा पाहुणे जमले तर ठीक, नाहीतर बिल्ला परत. त्याच्याऐवजी बोलणारं यंत्र बसवू.

"एखादं भूत सांग की," मॉरीन म्हणाली. "छोटंसं."

"नोंद नाही," डेन्झिल म्हणाला. मग तिथेच बसलेल्या माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही याल?"

"मी एकतीस वर्षं इथल्या शाळेत शिकवलंय. मी कुठली बाहेरगावची?"

"तुम्ही मूळच्या साताऱ्याच्या ना?"

"समितीला पटायचं नाही ते."

त्या शनिवारी भुरभुर होती. मी लोकर बाजारासमोरच्या चहाच्या दुकानात खिडकीशी बसले होते. खिडकी उघडी होती. आलं फक्त लीड्सचं एक जोडपं. डेन्झिलची सुरुवात ठरलेली: लोकर बाजाराचं जुनं दार. ते आतून विटांनी बुजवलेलं आहे, पण चावीचं भोक शाबूत आहे, आणि प्रत्येकाने त्यातून वीट पाहिलीच पाहिजे. बायको वाकून पाहू लागली. नवरा शिस्तीत दोन पावलं मागे उभा राहिला.

त्याच्या मागे एक टोपीवाले गृहस्थ येऊन थांबले. त्यांच्या मागे दोघी बहिणी. मग दोन सायकलवाले.

"ही रांग कशाची हो?"

"कल्पना नाही. पण सरकतेय."

"मग ठीक."

टोपीवाल्यांनी भोकाला डोळा लावला, वीट पाहिली आणि सावकाश सरळ झाले. इतका वेळ थांबल्यावर नुसती वीट आहे म्हणणं त्यांच्या जिवावर आलं.

"काय दिसतं?" थोरल्या बहिणीने विचारलं.

"स्वतःच बघा," ते गंभीरपणे म्हणाले.

दोघी बहिणींनी "अप्रतिम!" म्हटलं. रांगेला आणखी दोघे लागले. सव्वाअकराला बाहेरगावचे नऊ झाले आणि तिथेच आकडा अडला. तेवढ्यात मिसेस हॉर्सफॉल बिल्ला न्यायला आल्या. डेन्झिल रांगेच्या तोंडाशी उभा. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं, आणि रांग खाकरली.

"मला फक्त त्यांचा बिल्ला घ्यायचाय."

"सगळ्यांनाच काहीतरी घ्यायचं असतं, बाई," शेवटचा माणूस म्हणाला. "माझ्या मागे या."

मिसेस हॉर्सफॉल लाल झाल्या. पण रांग मोडणं? त्यांनी छत्री उघडली आणि मागे जाऊन उभ्या राहिल्या. एक-एक पाऊल सरकत दाराशी पोचल्यावर त्याही वाकल्याच.

"वीट आहे!" त्या म्हणाल्या. तोवर हे कुणीच बोललं नव्हतं.

"सतराशे बारा सालची," डेन्झिल आनंदाने म्हणाला.

"साडेअकराला दोन मिनिटं आहेत, प्रॉबर्ट. नऊच जमले. बिल्ला द्या."

"आपण राहता कुठे, मिसेस हॉर्सफॉल?"

हा प्रश्न त्यांना नेहमीच आवडायचा. मान ताठ झाली. "ॲशकोटला, नदीपलीकडे. टेनफर्डमध्ये मी कधीच राहिले नाही."

"मग दहा झाले," डेन्झिल म्हणाला. "चला मंडळी, गटाराकडे."

रांगेतल्या कुणी हसलं नाही. दोघा सायकलवाल्यांना मात्र एकाच वेळी खोकला आला.

पाहुणा म्हणून मोजल्यावर मधूनच निघून जाणं शोभत नाही, म्हणून मिसेस हॉर्सफॉल सोबत चालल्या. माझा चहा संपला होता; मीही मागोमाग गेले. गटाराशी डेन्झिलने खोली सांगितली: चौऱ्याहत्तर इंच.

"गाळ धरून की गाळ सोडून?" मिसेस हॉर्सफॉल यांनी विचारलं.

डेन्झिलने टोपी काढली. गाव दाखवण्याच्या अकरा वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.