माझ्या नावावरच्या बॅगा

मुलीचं लग्न झालं त्या वर्षी मी बॅगा शिवायच्या ऑनलाइन क्लासला नाव घातलं. त्याआधी केकचा क्लास केला होता, ओव्हन बिघडेपर्यंत. मग मेणबत्त्या. मग कापडी दागिन्यांचं काहीतरी, त्याचा डबा अजून माळ्यावर आहे. आमचे हे एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. घरात फार बोलत नाहीत, पण जेवताना एखादं वाक्य असं टाकतात की घास तिथंच अडकतो. बॅगांचं सांगितलं तेव्हा ताटावरून मान वर न करता म्हणाले, "बरं. माळ्यावर अजून जागा आहे."

मी त्याच आठवड्यात फी भरली आणि विजेवर चालणारी मशीन घेतली. क्लास दुपारी अडीचला असायचा. शिकवणाऱ्या मॅडम पुण्याकडच्या. मोबाइलवर त्यांचे हात दिसायचे, चेहरा क्वचित. आम्हा सगळ्यांना त्या गावावरून ओळखायच्या. मी सोलापूरच्या ताई.

तिसऱ्याच दिवशी माझी फजिती झाली. लहान पाउच शिवायचं होतं. बाहेरचं कापड, आत अस्तर, वर चेन. चारी बाजूंनी टीप मारली आणि उलटायला गेले तर उलटेना. चेन बंद ठेवूनच शिवून टाकलं होतं. मी ते हातात धरून बसले होते, तेवढ्यात ती साड्या द्यायला आली.

ती म्हणजे आमच्या जुळे सोलापुरातल्या सोसायटीमागं खोल्यांची एक ओळ आहे, तिथं राहणारी बाई. तेलुगू बोलणारं विणकर घर. नवरा चादरीच्या कारखान्यात मागावर होता, कारखाना बंद पडल्यावर रिक्षा चालवायला लागला. ती आमच्या सगळ्या सोसायटीच्या साड्यांना फॉल लावून द्यायची. मला अक्का म्हणायची. मीही तिला अक्काच म्हणायचे. माझं माहेर वळसंगकडचं, घरात कानडी, आमच्याकडंही अक्काच. दोघींत मोठी कोण हे कधी विचारलंच नाही.

तिनं पाउच फिरवून बघितलं आणि म्हणाली, "उलटं कसं होणार अक्का? दार आतनं लावून घेतलंय की तुमी."

मला हसू आलं. तिलाही. तिनं मशीनच्या खणातला टाके उसवायचा हूक घेतला आणि उभ्या उभ्या एक बाजू उसवून दिली. मग मोबाइलवरचं बघत तिथंच बसली.

दुसऱ्या दिवसापासून ती अडीचला यायला लागली. मोबाइल आम्ही लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवायचो. मॅडम मराठीत भरभर बोलायच्या, मध्येच इंग्रजी शब्द यायचे, ते मी तिला सांगायचे. ती ऐकायची कमी आणि बघायची जास्त. मला बरं वाटायचं. शिकू दे बिचारी, असं मनात यायचं. बिचारी हाच शब्द यायचा, म्हणून तोच लिहिते.

दर शुक्रवारी शिवलेल्या वस्तूचा फोटो ग्रुपवर पाठवायचा असे. पहिल्या शुक्रवारी माझ्या पाउचची चेन दोन्ही टोकांना चिमटल्यासारखी झाली होती. कोपरे आत ओढले गेलेले. ग्रुपवर बाकीच्यांचे फोटो यायला लागले. तिचं पाउच शेजारीच पडलं होतं. माझ्याच कापडाचं, माझ्याच मशीनवर शिवलेलं. कोपरे असे की अंगठा ठेवावा तर तिथंच राहावा. मी त्याचा फोटो काढला आणि पाठवून दिला. आमच्या घरून एक फोटो जायचा आहे, कुणाच्या हातचं का असेना, असं मी स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी ग्रुपवर मॅडमचा आवाज आला. "सोलापूरच्या ताईंचा कोपरा बघा सगळ्यांनी. इतकं स्वच्छ काम पहिल्या आठवड्यात मी बघितलेलं नाही. ताई, चेनची टोकं कशी दुमडलीत, ते जरा सगळ्यांना लिहाल का?"

लिहायचं म्हणजे मला ते माहीत हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, "लगीन व्हायच्या आधी आईसंगं विड्या वळायचे ना मी. विडीचं टोक कसं दुमडतात, नखानं आत दाबून? तसंच हाय हे." आणि चेनच्या टोकावर कापडाची पट्टी ठेवून नखानं दाबून दाखवलं.

मी ते ग्रुपवर नीट टप्प्याटप्प्यानं लिहिलं. विडी हा शब्द गाळला. पुण्या-नाशिकच्या बायका वाचणार, त्यात विडी कशाला.

मॅडमचा तो आवाज मी शुक्रवारी रात्रीच जेवताना यांना ऐकवला होता. यांनी ऐकला, मोबाइल मागून घेतला आणि पुन्हा लावला. मग म्हणाले, "चांगलंय हे." बस, एवढंच. पण लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती, आणि माझ्या कुठल्याही कामाला ते चांगलं म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. त्यानंतर प्रत्येक शुक्रवारी मी तिच्याच कामाचा फोटो पाठवला. माझी बॅग मी शिवत होते, नाही असं नाही. पण ती कपाटात जायची.

सातव्या आठवड्यात मोठी बॅग होती. आत फोम, दोन कप्पे, तळाला चौकोनी कोपरे. माझ्या घरच्या निळ्या पडद्याच्या कापडातून तिनं ती शिवली. माझ्या मशीनला तो थर झेपेना, सुई मोडली, तर ती बॅग घरी घेऊन गेली आणि आपल्या पायमशीनवर सोळा नंबरची जाड सुई लावून पुरी करून आणली. नेहमीसारखा फोटो गेला.

दोन दिवसांनी दुपारी मी आत चहा करत होते. ती हॉलमध्ये अस्तर बेतत होती. माझ्या मोबाइलवर मेसेज आला असणार. रोज क्लास लावता-लावता तिलाही मोबाइल हाताळता यायला लागला होता. तिनं दाबलं आणि मॅडमचा आवाज घरभर झाला. "सोलापूरच्या ताई, तुमची निळी बॅग मी नव्या बॅचला नमुना म्हणून दाखवणार आहे. तुमच्या हातात कला आहे ताई. कुठं शिकलात आधी?"

मी चहा घेऊन बाहेर आले. ती म्हणाली, "अक्का, निळी बॅग म्हंजे ती मी शिवलेली न्हाई का?"

"हो, तीच. क्लासला नाव माझं आहे ना, म्हणून माझ्या मोबाइलवरून फोटो जातो."

"व्हय की." तिनं कप घेतला. "मग तुमची कुठली गेली?"

मी म्हटलं, "चहा निवतोय."

तिनं चहा संपवला. बेतलेलं अस्तर घडी घालून माझ्या बाजूला ठेवलं. मग आत जाऊन कप विसळून पालथा घातला. आजवर मी तिला कप धुऊ दिला नव्हता.

नंतर ती आली नाही. उरलेले क्लास मी एकटीनं केले. फोटो पाठवायला कपाटातलं काही काढायची हिंमत नव्हती, म्हणून तब्येत बरी नाही असं कळवलं. तरी प्रमाणपत्र आलं. उत्कृष्ट काम असा शेराही त्यावर होता. यांनी ते कचेरीत छापून घेतलं आणि चौकट करून हॉलमध्ये लावलं. खिळा स्वतः ठोकला.

चौकट लावली आणि पाहुणे विचारायला लागले. हे सांगायचे. सांगता-सांगता यांच्या साहेबांच्या बायकोपर्यंत गेलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून साठ पाउच हवेत, सगळी एकसारखी, असा निरोप हे घेऊन आले. मला विचारलंही नव्हतं, होच म्हणून आले होते. "साहेबांचं काम आहे," म्हणाले. "आणि तुला काय, हातचा मळ."

मी दोन दिवस प्रयत्न केला. चार पाउच झाली, चारांचे आकार चार. तिसऱ्या दिवशी मी सोसायटीच्या मागच्या फाटकातून तिच्या खोलीकडं गेले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. ती मशीनवर होती. उठली नाही, पण स्टूल पुढं सरकवलं.

मी सगळं सांगितलं. म्हणजे ऑर्डरचं सांगितलं. बाकीचं ती धरून चालली आहे हे दोघींनाही कळत होतं.

ती म्हणाली, "करते मी. मजुरी तुमी द्याल ती. पन एक हाय. त्या बाईंना सांगायचं, ह्या मी शिवल्या म्हणून. फकस्त तेवढंच."

"सांगते."

"नक्की?"

"नक्की सांगते अक्का. मलाही तेच सांगायचंय."

हे बोलताना मी खोटं बोलत नव्हते. सांगायचं असंच माझ्या मनात होतं.

कापड आणि अस्तर माझ्या घरी पसरायला जागा होती म्हणून ती पुन्हा माझ्याकडं यायला लागली. तिनं आपली पायमशीन रिक्षात घालून आणली, नवऱ्यानं ती वर चढवून दिली. आम्ही बोलायचो, पण कामापुरतं. मी कापायचे, चेनला रनर घालायचे, ती शिवायची. पन्नासाच्या वर झाली होती, तेव्हा साहेबांच्या बायकोचा फोन आला की जुळे सोलापुरातच आले आहे, नमुना बघून जाते.

त्या आल्या, सोफ्यावर बसल्या, पाउच हातात घेतलं. चेन उघडली, लावली. "किती सुरेख हो. दुकानातलं म्हणून खपेल." मग हॉलच्या कोपऱ्यात मशीनवर बसलेल्या तिच्याकडं बघून विचारलं, "या कोण?"

ती थांबली. पायाखालची पट्टी थांबली, मान तशीच खाली होती.

साहेबांच्या बायकोच्या बरोबर डोक्यावर माझं प्रमाणपत्र होतं. संध्याकाळी ही गोष्ट यांच्या साहेबांच्या कानावर जाईल, उद्या कचेरीत यांना कुणी काय म्हणेल, हे आल्यावर मला काय म्हणतील, हे सगळं मी तेवढ्यात बघितलं. आणि म्हणाले, "या मदतीला येतात माझ्या. वरचं काम बघतात."

"बरं झालं, मदतीला कुणी लागतंच," त्या म्हणाल्या.

मशीन पुन्हा सुरू झाली.

त्या गेल्यावर मी दाराशीच उभी राहिले. म्हटलं, "अक्का, त्यांच्यासमोर एकदम कसं..."

ती म्हणाली, "आठ राहिल्यात. पुऱ्या करून जाते."

"ऐकून तरी घे."

"मी ऐकलं की." ती माझ्याकडं बघत होती. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "विड्या वळायचे तवा कारखान्यात विडी पास करायला एक बाबू बसायचा. माझ्या विड्या बाजूच्या बाईच्या नावावर लिहायचा, त्याची कोनतरी लागत होती ती. त्याला मी तोंडावर चोर म्हणले होते. सोळा वर्साची होते तवा." मग पुढचं पाउच सुईखाली घेतलं. "आता म्हणवत न्हाई."

आठ पाउच पुरी झाली. मजुरी तिनं घेतली, न मोजता. नवरा येऊन मशीन घेऊन गेला. हळदीकुंकू थाटात झालं. मीही गेले होते. साठ बायकांच्या हातात ती पाउच होती आणि पाच-सहा जणी माझ्याजवळ येऊन कोपऱ्यांबद्दल बोलून गेल्या. मी तिळगूळ घेत राहिले.

ती खोली पुढच्या वर्षी तिनं सोडली. पुन्हा भेटली ती गावातल्या शुक्रवार पेठेत, अस्तर-फोम विकणाऱ्या एका दुकानात. मी मुलीसाठी उशांचे अभ्रे शिवायला अस्तर बघत होते. ती फोमचा मोठा गुंडाळा उलगडून बघत, दुकानदाराशी तेलुगूत घासाघीस करत होती. दप्तरं शिवायचं काम घेतलंय, दोन बायका हाताखाली आहेत, हे मला दुकानदारानंच सांगितलं, ओळख आहे असं बघून. तिनं विचारलं, "मुलगी बरी हाय का?" मी बरी आहे म्हटलं. मी तिला काही विचारायच्या आत तिनं गुंडाळा उचलला आणि बाहेर उभ्या रिक्षात ठेवला.

त्या दिवशी मी यांना सगळं सांगितलं. पहिल्या फोटोपासून. मला वाटलं होतं, चिडतील, निदान ती चौकट तरी काढतील. यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फी आपण भरली होती ना? मशीन, कापड, सगळं आपलं. मग झालं तर. आता कुणाकडं बोलत बसू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना लांबलचक मेसेज लिहिला. त्या बॅगा माझ्या नव्हत्या, माझ्या शेजारणीच्या होत्या, कोपऱ्याची युक्तीही तिचीच, विड्या वळून आलेली. तासाभरानं उत्तर आलं. "काही हरकत नाही ताई. खूप छान. पुढच्या बॅचला शेजारणीलाही घेऊन या, जुन्या विद्यार्थिनींना सवलत आहे." खाली लिंक होती.

यांना सांगून झालं, मॅडमना सांगून झालं, आता हे लिहून तुम्हालाही सांगितलं. साहेबांच्या बायकोला मात्र अजून सांगितलेलं नाही, आणि अक्कानं मागितलं होतं ते तेवढंच. त्या बाई मला महिन्यातून एकदा तरी भेटतात. परवाच म्हणाल्या, तुमचं ते पाउच अजून जसंच्या तसं आहे हो. मी म्हटलं, "हो का?"