थाळी पडली तेव्हा

ऐंशीच्या दशकात खेडमधल्या एका शाळेच्या रिकाम्या वर्गात मी दर शनिवारी न बोलणाऱ्या मुलांना बघायची. मुंबईला वाचा-उपचार शिकून आले होते, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा माझा पक्का समज होता. आमच्याकडे मूल उशिरापर्यंत बोललं नाही की त्याला आधी पोपटाचा उष्टा पेरू खायला घालत. पेरूंनी काही होईना की मग माझ्याकडे आणत.

त्या दिवशी सासू, सून आणि चार वर्षांची नात अशा तिघी आल्या. सुनेचा नवरा मुंबईला कामाला, शिमग्या-गणपतीला घरी येणारा. सासूच्या तोंडाचा पट्टा आल्यापासून सुरू.

"पोर बोलत नाय, बाई. आवशीवर गेलीय. ही आवस पन तोंडातनं शब्द काढीत नाय. पन गुनाची हाय, कदी उलटून बोलली नाय."

सून मान खाली घालून बसली होती. थोरांपुढे सुनेने मान वर करायची नाही, ही आमच्याकडची रीतच. मला त्यात वावगं काही दिसलं नाही.

पोर आईच्या मांडीवर खेळत होती. तिला ऐकू येतं का बघावं म्हणून मी हळूच त्यांच्या मागे गेले आणि हातातली स्टीलची थाळी फरशीवर टाकली. दारात उभी असलेली सासू किंचाळली. पोर हलली नाही. तिची आईही हलली नाही.

मी थाळी उचलून पुन्हा टाकली. तेच.

समोर येऊन मी सुनेला विचारलं, "तुम्हाला ऐकू येत नाही?"

ती माझ्या ओठांकडे बघत होती; एकदम रडायलाच लागली. जड, नाकातल्या आवाजात म्हणाली, लहानपणी तापात कान गेले. बघायला पाहुणे आले तेव्हा तिचं नावही भावानेच सांगितलं होतं.

"पोरीचं मला कवाच कळलेलं. बोलले नाय. आमाला दोगींना म्हायेरी धाडतील."

एका छपराखाली इतकी वर्षं! माझा विश्वासच बसेना. सासू तर खांबासारखी उभी.

"ऐकू येत नाय? मंग येवडी वर्सं मी शिव्या घातल्या त्या कोनाला?"

एरवी मला हसू फुटलं असतं. सून तिचं तोंड निरखत होती.

"शिव्या तेवड्या कळायच्या, आय. तवाच तुमी माज्याकडं बगून, तोंड उघडून बोलता."

सासू मटकन बाकावर बसली. आता ही दोघींना घराबाहेर काढणार, असं मला वाटलं. चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला मी पुढे झाले.

तेवढ्यात सासू उठली. सुनेसमोर उकिडवी बसली आणि तिची हनुवटी धरून तोंड वर केलं. बोलायला गेली, थांबली. शिव्या सोडून दुसरं काय बोलायचं, तेच तिला सुचेना. मग तोंड मोठं उघडून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली,

"घरी चल. दोगी पन."