वॉकरचे चार पाय

काकांना एका जागी स्वस्थ बसवत नाही, हे त्यांच्या ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी खुर्ची दिली की ते आधी ती उलटी करून तिचे पाय बघत. पायांखाली फेल्टच्या मऊ लोकरी चकत्या असतील तर बसत. नसतील तर स्वतःच्या खिशातून काढून चिकटवत आणि मग बसत, तेही काठावर. चाळीस वर्षं लोकांच्या घरच्या लाकडी जमिनी घासून पॉलिश करण्यात गेली होती. महिनाभर गुडघे टेकून जमीन लखलखीत करावी आणि निघायच्या दिवशीच मालकाने त्यावरून सोफा फरफटत न्यावा, हे त्यांनी इतक्यांदा सोसलं होतं, की 'उचला, ओढू नका!' हे त्यांच्या तोंडात बसूनच गेलं. शेजारी त्यांना उचलाकाका म्हणत. वरच्या मजल्यावर नव्याने आलेल्या बिऱ्हाडाला ते नाव ऐकून वाटलं, माणूस उचल्या दिसतो. त्यांनी आठवडाभर दाराबाहेरचे बूट घरात घेऊन ठेवले.

काकांच्या घरची जमीन सागवानी, फळी न् फळी त्यांनी स्वतः बसवलेली. इतक्या वर्षांत तिच्यावर एक चरा नाही. यात काकांची जेवढी कमाल, त्याहून जास्त काकूंची. त्या या घरात जन्मभर पाहुण्यासारख्या जपून चालल्या, टेबल कधी ढकललं नाही, हातातून पळी पडू दिली नाही. पण हे कुणी कधी बोलून दाखवलं नाही. काकांनी तर नाहीच.

दोन महिन्यांपूर्वी काकू बाहेरच्या जिन्यावरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. मुलगी रजा काढून येऊन राहिली, आणि रजा संपली तशी काल सकाळी परत गेली. जाताना तिने बापाला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "बाबा, आई पुन्हा पडली तर उठायची नाही. डॉक्टर स्पष्ट बोललेत. आता एकदा जरी काही झालं ना, तर मी तिला घेऊन जाईन."

"मी आहे ना!" काका म्हणाले.

"म्हणूनच सांगतेय," मुलगी म्हणाली. रोज संध्याकाळी पाचला फोन करते, असं सांगून ती निघाली.

तेव्हापासून काकांचा जीव टांगणीला लागला होता. काकूंशिवाय हे घर म्हणजे काय, याचा विचार ते मनात येऊच देत नसत. आता काळजीने माणूस काय करतो? जे येतं ते करतो. काकांना जमीन येत होती. काल दिवसभर काकू वॉकर टेकत बाथरूमकडे निघाल्या की हे मागून फडकं घेऊन. वॉकरच्या रबरी टोप्यांचे काळे ठसे उमटत, काका वाकून ते पुसत, पुन्हा उमटत, पुन्हा पुसत. काकूंनी दोनदा मागे वळून पाहिलं.

आज सकाळी काकू चहा घेत खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. काकांनी वॉकर दाराआड नेऊन उलटा केला. टोप्यांच्या खाचेत वाळूचे कण अडकले होते. एवढ्याशा कणाने हातभर चरा पडतो, हे काकांना कुणी शिकवायला नको. त्यांनी चारही टोप्या उपसल्या, धुतल्या, मोरीच्या कठड्यावर वाळत घातल्या. तेवढ्यात हात खिशात गेला. चार चकत्या निघाल्या, जाडच्या जाड, अगदी मापाच्या. लावल्यासुद्धा. हाताला काही डोकं नसतं. वॉकर पुन्हा खुर्चीशेजारी उभा करून काका म्हणाले, "चकत्या संपल्या गं. दहा मिनिटांत आलो."

"जा," काकू म्हणाल्या.

नेहमीच्या हार्डवेअरच्या दुकानात एक बाई उभी होती. नवी लाकडी जमीन, जेवणाचं जड टेबल, काय करू म्हणून दुकानदाराला विचारत होती. दुकानदाराने काकांकडे बोट दाखवलं, "यांनाच विचारा." झालं! काकांना कुणी विचारावं आणि त्यांनी थोडक्यात आवरावं, हे कधी घडलंय? पॉलिशचे प्रकार झाले, पायपुसणी झाली, खुर्चीच्या चाकांना शिव्या घालून झाल्या. अर्धा तास कुठे गेला कळलं नाही.

"पण या चकत्यांनी खरंच काम होतं का हो?" बाईने विचारलं.

"म्हणजे काय! पॉलिशच्या जमिनीवर फेल्ट लोण्यासारखं पळतं. दोन माणसांना न हलणारं कपाट मी एका बोटाने सरक..."

काका तिथेच थांबले.

"काय झालं काका?"

"वॉकर," काका म्हणाले. "मी वॉकरला लावलं."

दुकानदाराला क्षणभराने समजलं. त्याने फोन उचलला. "काकूंना सांगतो, उठू नका म्हणून."

"नको!" काकांनी त्याचा हातच धरला. "फोन समोरच्या भिंतीवरच्या फळीवर आहे. वाजला की ती उठेल!"

आणि ते पळत सुटले. सत्तरीला आलेला, गुडघे झिजलेला माणूस तो. सिग्नलला थांबायची शुद्ध नव्हती. एक सायकलवाला खच्चून ओरडला. काकांना दिसत होतं ते एवढंच, की काकू दोन्ही हातांनी वॉकरवर भार टाकताहेत आणि वॉकर पुढे पळतोय. चाळीस वर्षं मीच घासून घासून ती जमीन निसरडी केली, मीच. दारात आल्यावर किल्ली भोकात जाईना. आतून आवाज नव्हता.

काकू खुर्चीतच होत्या.

काका चौकटीला टेकले. बोलायला श्वास नव्हता. मग त्यांना काकूंचा चेहरा दिसला. त्या रडत होत्या, आवाज न करता. लुगड्याच्या निऱ्या घोट्यापर्यंत भिजल्या होत्या आणि खुर्चीखाली ओल होती.

"तुम्ही दहा मिनिटं म्हणालात," काकू म्हणाल्या. "मी थांबले होते. नाही थांबवलं शेवटी."

"अगं, पण उठायचं..." काकांच्या तोंडून निघालं, आणि ती उठली असती तर काय झालं असतं, ते त्यांना आठवलं.

"उठले की ठसे उमटतात. काल तुम्ही किती वेळा वाकलात ते पाहिलं मी. म्हटलं, तुम्ही आलात की फडकं घेऊन मागे असाल, तेव्हाच उठावं." काकूंनी पदराने डोळे पुसले. "जमीन खराब झाली हो. आधी ती पुसा."

काकांनी जमीन पुसली नाही. त्यांनी वॉकर उलटा केला आणि काकूंच्या देखत चारही चकत्या नखांनी खरवडून काढल्या. टोप्या बसवल्या. काकूंनी पाहिलं, त्यांना समजलं. मग काकांनी त्यांना धरून नेलं, अंघोळ घातली, कोरडे कपडे दिले.

पाचला फोन आला. "सगळं ठीक आहे," काकू म्हणाल्या. काका शेजारीच उभे होते. त्यांनी फोन मागून घेतला.

"ठीक नाहीये," ते म्हणाले आणि सगळं सांगितलं, चकत्यांपासून ओल्या खुर्चीपर्यंत.

"आईला द्या," मुलगी म्हणाली.

काकूंनी ऐकून घेतलं. "हो," त्या म्हणाल्या. "ये तू. सकाळीच ये."

फोन ठेवल्यावर काका दोनदा दारापर्यंत जाऊन आले. मग काकूंसमोर जमिनीवरच बसले.

"रागावलीस?"

"नाही हो. दमले."

"मीही येतो मग. तिच्याकडे. येऊ ना?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, मायाच होती, आणि काकांना तेच सहन होईना.

"याल की," त्या म्हणाल्या. "पण आधी मला एकटीला जाऊ द्या."