मलकापुरात माझ्या गाडीनं मोडलेला हात

मला गाडी चालवता येत नाही. तरीही माझ्या गाडीनं मलकापुरात एका म्हाताऱ्याचा हात मोडला, आणि तेव्हा मी उचगावात भाकरी थापत होते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या ह्यांनी हार्डवेअरच्या दुकानासाठी एक व्हॅन घेतली, तीही माझ्या नावावर. (मी शेजारणींना 'माझी गाडी' असं इतक्यांदा सांगितलं, की त्या रस्ता बदलायच्या!) पुढे ती आम्ही मलकापूरच्या सर्जेराव पावण्यांना विकली. ते सासूबाईंच्या माहेरचे. घरच्या माणसाला कागदपत्रांची घाई कोण करणार? "सवडीनं नावावर करून घेतो की," म्हणाले आणि व्हॅन घेऊन गेले. सवड काही त्यांना मिळाली नाही.

एके दिवशी दारात हवालदार. गाडीचा नंबर सांगून त्यांनी विचारलं, "वैनी, ही गाडी तुमची न्हवं?"

"व्हय, माझीच की," मी म्हणाले. सवय!

मग कळलं. सर्जेराव उतारावर व्हॅन लावून चहाला गेले होते. व्हॅन आपली आपण निघाली आणि एका घराच्या कट्ट्यावर चढली. कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यानं वेळेवर उडी मारली म्हणून जीव वाचला, पण हात मोडला. आता त्याची मुलं मालकाकडून भरपाई मागणार होती. म्हणजे माझ्याकडून!

"आम्ही ती इकलीया," हे म्हणाले.

"कागदावर न्हाय इकल्याली," हवालदार शांतपणे म्हणाले.

सर्जेरावांना फोन केला, तर गाडी ज्याच्या नावावर त्यानंच निस्तरायचं, असं त्यांचं मत पडलं. सासूबाईंनी माहेरचं नाव काढणं सोडलं. दुकान विकावं लागणार, मला कोर्टात उभं करणार, ह्या विचारानं माझं जेवण गेलं. (तरी वजन तेवढंच राहिलं, हे वेगळं.)

शेवटी सर्जेरावांना ओढून आणून आम्ही तिघं विमा कंपनीच्या ऑफिसात गेलो. साहेबांनी पॉलिसी पाहिली. ती माझ्या नावावर होती आणि मुदत अजून संपली नव्हती. गाडीबाहेरच्या परक्या माणसाला झालेल्या इजेची भरपाई कंपनी देईल, असं ते म्हणाले. मला तिथंच रडू आलं. म्हाताऱ्याचा हातही जुळत आला होता, हे सर्जेरावांनी तेव्हा कुठं सांगितलं.

मग सर्जेराव पुढं सरकले. "आन् माझ्या गाडीचा पत्रा चेपलाय, त्याचं काय?"

"पॉलिसीत तुमचं नाव नाही," साहेब म्हणाले. "आणि बाईंनी गाडी विकलीय, मग त्यांचं काय नुकसान झालं?"

म्हणजे हात मोडला तेव्हा व्हॅन माझी, आणि पत्रा चेपला तेव्हा सर्जेरावांची! एवढा न्याय मी आयुष्यात पाहिला नव्हता.

पोलिसांनी व्हॅन सोडल्यावर मी स्वतः सर्जेरावांना आरटीओत नेलं आणि गाडी त्यांच्या नावावर करूनच बाहेर पडले. अंगावरचं ओझं उतरलं होतं. विकत घेतलेलं वाहन लगेच नावावर करावं, विमाही आपल्या नावावर घ्यावा, असं मी न्यायला आलेल्या ह्यांना फाटकापर्यंत समजावलं. ह्यांनी मान डोलावत नवी घेतलेली जुनी स्कूटर चालू केली.

"ही कुणाच्या नावावर हाय?" मी विचारलं.

"गडमुडशिंगीच्या एका मास्तरांच्या," हे म्हणाले. "करायची की सवडीनं."

मी पदर खोचला आणि मुकाट मागं बसले. एवढ्या उन्हात उचगावापर्यंत चालत कोण जाणार!