खचणाऱ्या अंगणातलं घर

आमचं घर एकेकाळच्या समुद्राच्या तळावर आहे. नेदरलँड्समधल्या आल्मेरे शहराचा हा सगळा भागच बांध घालून, पाणी उपसून मिळवलेला. ती जमीन वाळत वाळत अजूनही खाली बसते आहे. घर मात्र खोल रोवलेल्या खांबांवर उभं, ते जागचं हलत नाही. त्यामुळे अंगण हळूहळू खाली जातं आणि दार वर राहतं.

इथे अगदी सुरुवातीला राहायला आलेल्या एका माणसाने हे घर स्वतःच्या हातांनी बांधलं. बांधाच्या कामावरच्या मजुरांच्या बराकी मोडल्या, तेव्हा त्यांच्या फळ्या त्याने भिंतींना वापरल्या. दारासमोरची जमीन खचली की तो खाली एक पायरी वाढवायचा. अशा तीन पायऱ्या झाल्या, तिन्ही वेगवेगळ्या विटांच्या. घर घेतलं तेव्हा मला तो निव्वळ चिक्कूपणा वाटला होता. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि ती सवय ऑफिसपुरती राहत नाही.

त्या वर्षी साताऱ्याहून आई येणार होती. गुडघे कामातून गेलेले. "एकदाच येईन, तुझं घर डोळ्यांनी बघेन, मग पुन्हा काही सांगू नकोस," असं तिने बजावलं होतं. आमची सगळ्यात खालची पायरी तोवर जमिनीपासून चांगली वीतभर वर गेली होती. नवरा व्हिडिओवर तिला म्हणाला की काळजी करू नका, खुर्चीत बसवून आम्ही दोघं उचलून आत नेऊ. आईने त्याला तिथेच थांबवलं.

"उचलून माणसाला घराबाहेर नेतात, आत नाही. मी माझ्या पायांनी आत येईन, नाहीतर येणारच नाही."

आईला मी चांगली ओळखते. ती विमानतळावरूनसुद्धा परत फिरली असती. मी दुसऱ्याच दिवशी पायऱ्या फोडून काँक्रीटचा उतार करायला माणूस ठरवला. आणि त्याच आठवड्यात गेमेन्तेतून, म्हणजे इथल्या नगरपालिकेतून, फोन आला की तुमचं घर वारसा म्हणून जपण्याचा विचार चालू आहे, निर्णय होईपर्यंत दर्शनी भागाला हात लावू नका. दुष्काळात तेरावा महिना!

मला बसल्या जागी काटे टोचू लागले. मीटिंग चालू असताना मी उठून दाराशी जायची, पायऱ्या बघायची, परत येऊन बसायची. बराकीच्या फळ्यांचा कसला आलाय वारसा, असं नवऱ्याला दिवसातून चारदा ऐकवायची. तो बिचारा मान डोलवून आपलं सायकलचं चाक पुसत बसायचा, त्यानेही मी चिडायची.

अखेर गेमेन्तेच्या बाई पाहणीला आल्या. त्यांच्यासोबत हे घर बांधणाऱ्या माणसाची बायको होती. आता ती वृद्धाश्रमात राहते, हातात काठी, अंगात निळा कोट. गेमेन्तेच्या बाई मला समजावू लागल्या. मोठे बंगले सगळेच जपतात, पण इथे पहिल्यांदा आलेली साधी माणसं खचत्या जमिनीशी कसं जुळवून घेत होती, ते या तीन पायऱ्यांवर दिसतं. म्हणून त्यांचं मोल. बोलणं खोटं नव्हतं. फक्त ते चालू असताना ज्या बाईने या घरात जन्म काढला, ती खाली अंगणात उभी राहून वर पाय टाकायचा प्रयत्न करत होती आणि तो पोचत नव्हता.

नवरा आणि गेमेन्तेच्या बाई दोघेही धावले. खुर्ची आणतो, उचलून घेतो, म्हणाले. त्या वृद्ध आजींनी जोरजोरात मान हलवली. त्यांचा चेहरा बघून मला आईच दिसली आणि माझं टाळकं सरकलं. माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये मी म्हटलं की या पायऱ्या जपून काय करायचं, ज्यांच्यासाठी केल्या त्या तर खालीच उभ्या आहेत.

 मग आजींनी विचारलं, शेडमागचा विटांचा ढीग अजून आहे का. होता, कधी एकदा फेकते असं मला झालं होतं. तो आपल्या नवऱ्याने पुढच्या पायरीसाठीच ठेवला होता, असं त्या म्हणाल्या. सिमेंट तो कधी वापरत नसे. खाली वाळू, वर नुसत्या विटा. जमीन पुन्हा बसणारच, मग सगळं उचलून परत मांडता यायला हवं.

गेमेन्तेच्या बाईंनी वाकून जुन्या पायऱ्यांच्या फटीत बोट घातलं. खरोखरच वाळू होती.

"मग काँक्रीट नको," त्या सावकाश म्हणाल्या. "पण विटा मांडा. या घरात तेच करत आलेत."

मी वाळू पसरली, नवऱ्याने विटा आणल्या, आजी काठीने जागा दाखवत होत्या. चौथी पायरी झाली. आजींनी पाय उचलला, तेवढ्यात मी त्यांना थांबवलं. माझ्या आईला पायऱ्या सम संख्येत चालत नाहीत, विषमच हव्यात. हे डचमध्ये सांगताना कानापर्यंत लाल झाले, पण सांगितलं. गेमेन्तेच्या बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. आजींनी मात्र काठीने आणखी थोडं पुढे टोचलं. पाचवी जेमतेम बोटभर उंचीची झाली. आजी भिंत धरून, थांबत थांबत, पाचही चढल्या आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. मी चहा ठेवला आणि ओट्याकडे तोंड करून थोडं रडून घेतलं.

पुढे आमचं घर वारसा म्हणून नोंदलं गेलं, पाचही पायऱ्यांसकट.

आई जूनमध्ये आली. टॅक्सीतून उतरल्यावर तिने आधी पायऱ्या मोजल्या, माझ्याकडे पाहिलंही नाही. माझा हात बाजूला सारला आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत वर गेली. उंबऱ्यात उजवा पाय टाकून मग वळली. या विटा अशा सुट्या का, म्हणून तिने विचारलं. मी सांगितलं की अंगण खचतं, दोन-चार वर्षांनी पुन्हा वाढवाव्या लागतील.

आईने खाली नीट निरखून पाहिलं.

"मग पुढच्या खेपेला सात कर," ती म्हणाली आणि आत गेली.