आत्याच्या पंपाचा कोपरा

आमच्या जिनिंग फॅक्टरीत नळाचा कोणता जोड कोणत्या धातूचा घ्यायचा, हे ठरवायला मोठे साहेब होते आणि त्यांची जाडजूड इंग्रजी पुस्तकं होती. माझी आत्या तेच काम वाटीभर आंबट ताकात उरकायची.

मी त्या फॅक्टरीत फिटर होतो. आत्या विधवा, पूर्णेकाठच्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात, खारपाणात, आमच्याच गावी एकटी राहायची. वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपुराहून चाले, पण आत्याच्या चुलीच्या कारभारात नागपूरचा लाटसाहेबही ढवळाढवळ करू शकला नसता. सोवळं इतकं कडक, की तिच्या घागरीला दुसऱ्याचा हात चालत नसे. विहिरीचं पाणी ती स्वतः ओढायची. त्या हिवाळ्यात तिचा उजवा खांदा धरला आणि बातमी थेट देऊळगाव राजाला, तिच्या धाकट्या दिराकडे गेली. त्याचा निरोप आला, संक्रांत झाली की गाडी घेऊन येतो, आता एकटं राहणं पुरे. दीर भला माणूस. पण त्याच्या घरी आत्याला बसायला पाट मिळाला असता, चूल मिळाली नसती. ती धसकली.

मला म्हणाली, "तुह्या कारखान्यात एवढं पाणी वर चढते, मंग माह्या घरात काऊन नाही चढत?"

मग काय, मला चेवच आला. साहेबांची परवानगी काढून मोडीतला एक हातपंप आणि तांब्याची जुनी नळी आणली. विहीर उथळ, स्वैपाकघराच्या दाराशीच. म्हटलं, अर्ध्या दिवसाचं काम.

आत्यानं आधी पंप उघडायला लावला. "हे आत काय हाये?"

"चामड्याचा वायसर."

तिनं पदर नाकाला लावला. चामड्यातून आलेलं पाणी देवाला? मी डोकं धरून बसलो. शेवटी तिनंच देवासाठी वळलेल्या वाती आणून दिल्या. त्या मी पंपाच्या दट्ट्याला घट्ट गुंडाळल्या आणि वर साजूक तूप चोपडलं. कारखान्यात या कामाला आम्ही चरबी लावतो, हे मात्र मी गिळलं.

आता उरला फक्त कोपरा. नळी विहिरीतून वर येऊन पंपाकडे वळते, तिथला वाकडा जोड. मी लोखंडी आणला होता आणि पितळीही. दोन्ही आत्यानं रात्रभर ताकात घातले. सकाळी लोखंडी कोपऱ्याचं ताक काळं पडलं होतं, पितळी कोपऱ्याचं हिरवं.

"कळकलं," आत्यानं निकाल दिला.

"आत्या, विहिरीत ताक नाही ना!"

"आपल्या विहिरीचं पाणी तू पेलास का कधी?"

पाणी खारट होतं, हे खरं. तांब्याला खेटून बसलेलं लोखंड अशा पाण्यात लवकर खंगतं, हे मलाही ठाऊक होतं. पण बाईमाणसाच्या ताकापुढे हार कशी मानायची? मी पितळीवर अडून बसलो. "पितळ चालते, पण कल्हई पायजे," एवढं म्हणून ती चुलीकडे वळली. म्हणजे तिनं मानलं, असं मी समजलो. पितळी कोपरा शिशाच्या डागानं पक्का केला, पाणी धो धो आलं आणि मी छाती फुगवून कामावर परतलो.

दोन आठवड्यांनी गल्लीत कल्हईवाला आला. आत्यानं त्याला पातेल्यांबरोबर कोपराही दाखवला. त्या बिचाऱ्यानं भाता मांडला आणि विस्तव फुलवून कोपरा जागच्या जागी कल्हईनं चकचकीत केला. माझा शिशाचा डाग त्या आचेनं वितळून विहिरीत गेला, हे ना त्याला कळलं ना आत्याला.

आणि दुसऱ्याच दिवशी दीर आला. मी तेव्हा सुट्टीवर घरीच होतो. आत्यानं ऐटीत पंपाचा दांडा खाली दाबला. फुस्स. पुन्हा दाबला. पुन्हा फुस्स. डाग गेलेल्या जोडातून पंप नुसती हवा ओढत होता.

"चाला वयनी," दीर मायेनं म्हणाला. "बैलं सोडलेच नाही म्या."

आत्याचा चेहरा मला बघवेना. माझ्या कामाची, कल्हईवाल्याची, साऱ्या जगाची मला चीड आली. "काका, उद्यापर्यंत थांबा," मी ओरडलोच. "पण आत्या, आता पितळ नको, कल्हई पुन्हा डाग वितळवेल. गनमेटल पाहिजे, आणि ते माझ्याकडे नाही."

"ते काय राह्यते?"

"काशाचाच भाऊ समज. तांबं आणि कथील."

आत्या आत गेली आणि आतोबांचं काशाचं ताट घेऊन आली. त्यांच्या माघारी त्यात कुणी जेवलं नव्हतं.

"याच्यात त्याईनं जलमभर ताकभात खाल्ला," ती म्हणाली. "कधी कळकलं नाही."

नुसतं कासं ठिसूळ, म्हणून तांबं वाढवायला तिचा एक फुटका तांब्याही मी बरोबर घेतला. बेअरिंगचे बुश ओतणाऱ्या आमच्या मिस्त्रीनं दोन्ही मुशीत वितळवून कोपरा ओतून दिला. ताट लाल होऊन विरघळेपर्यंत मी भट्टीपाशीच उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोपरा बसवला, या खेपेला आटे पाडून, डाग न देता.

पाणी आलं. दिरानं ओंजळभर पिऊन पाहिलं. "वयनी, पाण्याले तुपाचा वास येऊन राह्यला."

"मंग? तुमच्या घरी येते का असा?"

तो हसला आणि पुन्हा जुंपलेले बैल सोडायला गेला. आणखी एक मुक्काम करून, दोन वेळचं आत्याच्या हातचं जेवून, रिकामी गाडी घेऊन देऊळगावला परतला.

आत्या पंपापाशीच बसून होती. त्या कोपऱ्यावरून तिनं ओला हात फिरवला.

"हयातीत त्याईनं कधी एक घागर ओढून नाही देल्ली," ती म्हणाली. "आता भरा म्हणा रोज."